आपापलं नाव परत घ्या

गाईडचं अर्धं काम इतिहास सांगण्याचं आणि अर्धं माणसं मोजण्याचं, असं यशया उजागरे सर नेहमी म्हणायचे. इतिहास चुकला तर कोणी भांडायला येत नाही. एक माणूस कमी भरला, की मात्र आकाशपाताळ एक होतं.

हे शहाणपण त्यांना फुकट मिळालेलं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी, शाळेतून इतिहासाचे शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी गाईडचा बिल्ला लावला आणि पहिल्याच हिवाळ्यात एक जपानी गृहस्थ नगरच्या किल्ल्यात मागे राहिले. बस राहुरीला पोचली तरी कोणाला पत्ता नाही. परत येऊन पाहतात, तर ते बिचारे खंदकाच्या काठावर बूट काढून बसलेले. त्या दिवसापासून सरांनी डोकी मोजणं सोडलं. डोकी फसवतात. कोणी वाकलेलं असतं, कोणी दोनदा मोजलं जातं. सर नावं मोजायला लागले आणि त्यासाठी त्यांना हौजमहालाइतकी सोयीची जागा सगळ्या नगरमध्ये सापडली नाही.

हौजमहाल भिंगारच्या पलीकडे, लष्करी हद्दीला लागून आहे. मोठा थोरला हौज, कधीचा कोरडा पडलेला, आणि त्याच्या मधोमध निजामशाहीतली दगडी इमारत. पूर्वी चहूबाजूंनी पाणी होतं आणि लोक होडीतून जायचे. आता तळात कुसळी गवत, बाभळी आणि शेळ्या. मधल्या दालनावर घुमट आहे. खाली उभं राहून बोललेलं वरून तीनदा परत येतं. सरांनी या घुमटाला एक गोष्ट चिकटवून दिली. जुन्या काळी म्हणे होडीवाला आलेल्या पाहुण्याला घुमटाखाली स्वतःचं नाव पुकारायला लावायचा. जाताना पाहुण्याने उंबऱ्यावर उभं राहून ते पुन्हा पुकारायचं. ज्याने पुकारलं नाही, तो आतच आहे असं धरून होडी निघून जायची.

गोष्ट साफ खोटी होती. एका रविवारी देवळात पाळकसाहेबांचा उपदेश लांबला, तेव्हा सरांनी ती बसल्या बसल्या रचली होती. पण पाहुण्यांना ती भारी आवडायची. आत जाताना वीस नावं, बाहेर येताना वीस नावं, जमाखर्च चोख. "आपापलं नाव परत घ्या," सर उंबऱ्याशी उभे राहून म्हणायचे, आणि मोठमोठे साहेबलोक शाळकरी पोरांसारखे रांगेत उभे राहून ओरडायचे. सरांनी स्वतःचं नाव तिथे कधीच पुकारलं नाही. हलवाई आपली मिठाई खात नाही.

त्या फेब्रुवारीतल्या दिवशी मात्र सरांचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. मुंबईच्या बंदरात एक प्रवासी जहाज दोन दिवस थांबलं होतं, आणि त्यावरचे चोवीस पाहुणे वेरूळ-अजिंठा सोडून नगर बघायला आले होते. ही किमया त्यांच्या मुलीची. क्रिस्टीना त्याच जहाजावर नोकरीला लागली होती, पाहुण्यांना किनाऱ्यावर फिरवून आणायचं काम. तिनेच वरच्या लोकांच्या मागे लागून हा दौरा मंजूर करून घेतला होता. रात्री दहाला जहाज सुटणार, मग आठ महिने ती पाण्यावर. म्हणजे लेकीचा निरोप घ्यायचा तोसुद्धा चोवीस परक्या माणसांसमोर, निजामशाहीचा इतिहास सांगत सांगत.

क्रिस्टीनाच्या अंगावर निळा कोट, छातीवर नाव कोरलेली पांढरी पट्टी. सरांनी ती पट्टी दोनदा वाचली. हे नाव त्यांनीच ठेवलं होतं. बाप्तिस्म्याच्या दिवशी पाळकांनी विचारलं, "बाळाचं नाव सांगा," तेव्हा बायकोने, मरियाने, ग्रेस हे नाव ठरवलेलं असताना सरांच्या तोंडून भर देवळात "क्रिस्टीना" निघून गेलं. मरिया मरेपर्यंत ते ऐकवत होती आणि घरात हट्टाने पोरीला चिमी म्हणत होती.

"जहाजावर फार कडक असतं, पप्पा," किल्ल्याच्या पायऱ्या उतरताना ती सांगत होती. "शिडीपाशी प्रत्येक वेळी नाव सांगायचं. यादीत सापडलं तरच वर. दहाला शिडी उचलतात, कोणासाठी थांबत नाहीत."

"म्हणजे माझीच पद्धत," सर म्हणाले आणि दोघंही हसले.

अकराच्या सुमाराला बस हौजमहालापाशी लागली. फाटकाशी रोशनबी बसली होती. तिच्या शेळ्या हौजात चरायच्या, आणि अकरा वर्षांत सरांचा एकही दौरा तिच्या नजरेतून सुटला नव्हता.

"लेक का, सर?" ती क्रिस्टीनाकडे बघून म्हणाली. "नाक तुमच्यावानीच हाय."

आत शिरताच वटवाघळांचा उग्र वास आला, मग गारवा. गिलाव्यावर खडूने लिहिलेली नावं, बदाम, बाण. सरांनी गोष्ट सांगितली. एकेक जण घुमटाखाली गेला, नाव पुकारलं, वरून तीनदा परत आलं, टाळ्या पडल्या. पीटर नावाचे एक ऐंशीचे डच आजोबा काठी टेकत गेले आणि आपल्याच आवाजाला त्यांनी वाकून नमस्कार केला.

"पप्पा, मीपण?"

"सगळ्यांनी. नियम म्हणजे नियम."

ती मधोमध उभी राहिली. शाळेत कविता म्हणायची तसे हात मागे बांधले. "क्रिस्टीना यशया उजागरे!"

सर वर बघत थांबले. त्याच क्षणी कबुतरं उठली आणि त्या फडफडाटात वरून काही आलेलं त्यांना ऐकू आलं नाही. होतं तसं कधी कधी.

निघायच्या वेळी गडबड झाली. पीटर आजोबांचा गुडघा दुखायला लागला. क्रिस्टीनाने त्यांना खांद्याचा आधार दिला आणि पायऱ्या टाळून बाजूच्या कमानीतून उतरवलं. तेवढ्यात जहाजावरून तिला फोन आला. सर उंबऱ्याशी उभे होते. तेवीस नावं त्यांनी ऐकली. चोविसावं पीटर आजोबांनी बाहेरून, मागे वळून ओरडून दिलं. चोवीस आत, चोवीस बाहेर. सर समाधानाने बसकडे निघाले.

चोवीस पाहुणे होते. क्रिस्टीना पाहुणी नव्हती. घरच्या माणसाला कोण मोजतं?

जेवण स्टेशन रोडवरच्या एका हॉटेलात होतं. हात धुताना छगन ड्रायव्हर सरांच्या शेजारी येऊन उभा राहिला. हा पाथर्डीचा गडी, एकदा ऐकलेलं नाव विसरत नसे.

"सर, त्या म्याडमचं नाव काय वो? सकाळधरनं लई डाव घेतलं. आता ध्यानातच येईना."

"क्रिस्टीना."

"हां," छगन म्हणाला. त्याने तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. "म्हंजी... काय म्हनलात?"

सरांना हसू आलं. मग त्यांनी पाहिलं, की क्रिस्टीना काउंटरवर बिलाच्या वहीत सही करायला वाकली आहे आणि पेन कागदावर टेकून तशीच उभी आहे. मॅनेजर वाट बघतोय. ती स्वतःशीच हसली आणि नुसती एक रेघ ओढून दिली.

"क्रिस्टीना!" सरांनी हाक मारली.

तिने वळून पाहिलं नाही. सरांनी पुन्हा, शिक्षकाच्या आवाजात हाक मारली. सगळं हॉटेल थांबलं. पाहुणे सरांकडे बघत होते. पीटर आजोबांनी विचारलं, "कोणाला बोलावताय?" तीही बघत होती, जशी इतर बघत होती, तशीच, कोणाला बोलावताहेत ते शोधत.

सर जवळ गेले. छातीवरची पट्टी कोरी होती. खोडलेली नव्हती, झिजलेली नव्हती. तिच्यावर कधी काही कोरलंच नव्हतं अशी गुळगुळीत.

"सर, दीडला निघायला हवं," ती म्हणाली. "बंदरावर उशीर चालणार नाही."

सर? पाहुण्यांसमोर चेष्टा करत असेल. त्यांनी तिला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाले, "चिमे."

ती नम्रपणे हसली. वाट चुकलेल्या म्हाताऱ्याकडे बघून हसावं तशी.

आता यशयासर भुताखेतांना मानणारा माणूस नव्हे. तीस वर्षं त्यांनी पोरांना पुरावा काय, साधन काय, हेच शिकवलं. उन्हाने झालं असेल, फिट असेल, डॉक्टरकडे न्यावं, हे सगळं त्यांच्या मनात येऊन गेलं. पण उन्हाने पट्टी कोरी होत नाही. आणि त्यांच्या डोळ्यांसमोर सारखा तो उंबरा येत होता, तिचं नाव न ऐकलेला. आपणच रचलेली थाप. त्या थापेवर आपणच विश्वास ठेवायचा? ठेवायचा, म्हटलं त्यांनी. लाज गेली खड्ड्यात. पोरगी महत्त्वाची.

पीटर आजोबांची काठी महालात राहिली होती. हे खरंच होतं. काठीचं नाव काढताच ती लगेच तयार झाली, कारण पाहुण्याची वस्तू शोधणं हे तिचं काम होतं. छगनला थांबायला सांगून दोघं रिक्षाने निघाले. वाटेत ती रस्त्यावरची चर्चं, मोहल्ले, लष्कराचे रणगाडे नव्याने बघावेत तशी बघत होती.

"छान आहे तुमचं गाव, सर," ती म्हणाली.

फाटकाशी रोशनबीने मान वर केली. "परत आलाव? अन् या पाव्हन्या कोन?"

सर तिच्याकडे न बघता आत शिरले.

काठी खांबाला टेकून उभी होती. क्रिस्टीनाने ती उचलली आणि ती वळली, तशी सरांनी तिचा हात धरला. "एकच काम कर. या उंबऱ्यावर उभी राहा आणि तुझं नाव सांग."

"माझं नाव?"

"हो. मोठ्याने."

तिने तोंड उघडलं. कपाळावर बारीकशी आठी आली. जिभेवर आलेला शब्द शोधावा तशी तिची नजर वर गेली, खाली आली. "राहू दे ना, सर," ती म्हणाली. "उशीर होतोय."

सर घुमटाखाली गेले. वर तोंड करून त्यांनी सगळी ताकद लावली.

"क्रिस्टीना!"

त्यांचा आवाज परत आला नाही. एकदाही नाही.

मग वरून, अगदी सहज, शेजारच्या खोलीतून द्यावी तशी ओ आली.

"ओ, पप्पा."

तिचाच आवाज.

सरांनी वळून पाहिलं. ती उंबऱ्यावर होती, हातात काठी. तिचे ओठ हलले नव्हते. पण तिनेही ऐकलं होतं, कारण ती वर बघत होती.

"आत कोणाची तरी मुलगी राहिलीये, सर," ती घाबरून म्हणाली. "अहो, तुमचीच का?"

सरांची मान आपोआप हलली.

"मग तुम्ही थांबा. तिला एकटीला टाकून कसं याल? मी जाते रिक्षाने, पाहुण्यांना मी सांभाळते." जाता जाता तिने त्यांच्या दंडावर हात ठेवला. "सापडेल ती, सर."

रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला. सर दोन पावलं दारापर्यंत धावले, आणि मागून पुन्हा कोणीतरी, हाक मारलेली नसताना, म्हणालं, "ओ."

ते थांबले. धड इकडे नाही, धड तिकडे नाही, असा बाप उंबऱ्यावर उभा राहिला, आणि रिक्षा गेली.

पुढचे दोन तास त्यांनी काय केलं नाही? हाका मारल्या. प्रत्येक हाकेला ओ आली. कुठे आहेस, विचारलं, काही नाही. ते अंधाऱ्या जिन्याने वर चढले, घुमटाच्या कडेने हात लावत फिरले. शेण, पिसं, झरोक्यातून पडलेलं चौकोनी ऊन. तिथून हाक मारली तर ओ खालून आली. गुडघे टेकून प्रार्थना केली. मग शिव्या दिल्या, आयुष्यात पहिल्यांदा. शेवटी भिंतीला टेकून ते लहान मुलासारखे रडले.

रोशनबी दाराबाहेर येऊन उभी होती. ती आत कधीच पाऊल टाकत नसे.

"आमी हितं शेळीलाबी नावानं हाक मारत न्हाई, सर."

"अहो, ती थाप होती! मीच रचली होती!"

"आसंल." ती शेळ्यांकडे बघत राहिली. "पर रोज त्या घुमटाच्या तोंडात घास घालायचा अन् रोज काढून घ्यायचा. अकरा वर्सं. येक दिस दात लागनारच की वो."

पावणेचारला सरांनी फोन लावला.

"हॅलो? हां, सर. सापडली का तुमची मुलगी?" मागे बसचा आवाज होता. "आम्ही आळेफाटा सोडला. सर, एक विचारू? माझ्या मोबाईलमध्ये तुमचा नंबर 'पप्पा' म्हणून कसा काय आहे?"

सरांनी डोळे मिटले.

"आणि... आत्ता बसमध्ये मी यादी वाचली. चोवीस नावं आहेत. शिडीपाशी मला विचारतील ना? मी काय सांगू?" आवाज बारीक झाला. "मला भीती वाटायला लागलीये, सर. मी कोणाला फोन करू तेच कळत नाहीये."

"कोणालाच करू नकोस," सर म्हणाले. "घाबरू नकोस, बाळा. मी बघतो."

फोन खिशात ठेवून ते बराच वेळ बसून राहिले. रडणं संपलं होतं. आता ते शिक्षकासारखा नाही, पाळकासारखा नाही, गाईडसारखा विचार करत होते. पंचवीस आत गेली, चोवीस बाहेर आली. एक जमा राहिलं. ते बाहेर न्यायचं तर कोणाच्या तोंडाने? ते पहिल्यांदा ज्याच्या तोंडून निघालं, त्याच्याच. भर देवळात, सगळ्या मंडळींसमोर, पाळकांनी विचारलं तेव्हा. पण होडीवाल्याला आकडा जुळायला हवा. नाव देऊन आत गेलेल्यालाच बाहेर पडताना नाव उचलता येतं, तेही एकच, आणि सरांनी तर स्वतःचं नाव आत कधी दिलंच नव्हतं. अकरा वर्षांत एकदाही नाही.

ते उठले. केसांवरून हात फिरवला, शर्टाची गुंडी लावली. बाहेर जाऊन पुन्हा रीतसर आत आले, पाहुण्यासारखे.

घुमटाखाली उभं राहून त्यांनी पुकारलं, "यशया बेंजामिन उजागरे."

वरून काही परत आलं नाही. कबुतरं जागची हलली नाहीत.

ते चालत उंबऱ्यापर्यंत आले. तिथे त्यांचे पाय क्षणभर अडखळले. बायकोचा चेहरा, शाळेची घंटा, नगरचं घर, सगळं एकदा डोळ्यांसमोरून गेलं, आणि त्यांनी ते जाऊ दिलं.

मागे वळून ते स्पष्ट आवाजात म्हणाले, "क्रिस्टीना यशया उजागरे."

एकदा. दोनदा. तीनदा. नाव घुमटातून परत आलं, दर वेळी अधिक जवळून. तिसऱ्यांदा ते त्यांच्या कानाशी आलं आणि दारातून बाहेर गेलं.

मग तेही बाहेर पडले.

ऊन कलतं झालं होतं. रोशनबी शेळ्या गोळा करत होती. एक म्हातारा माणूस महालाच्या दारातून उतरून तिच्याकडे येत होता. चांगल्या घरचा दिसत होता. चाल मात्र अनोळखी जागेत असावी तशी, अंदाज घेत.

"कोन पायजे, बाबा?" तिने विचारलं.

"नाही, कोणी नाही." तो इकडेतिकडे बघत म्हणाला. "इथून रस्ता कुठे लागतो?"

तिने हात करून दाखवलं. तेवढ्यात त्याच्या खिशात फोन वाजला. त्याने तो काढून उलटसुलट पाहिला. पडद्यावर 'चिमी' असं आलेलं होतं.

"कोणाचा तरी मोबाईल माझ्याकडे आलाय," तो म्हणाला. "ज्याचा असेल त्याला द्याल का?"

रोशनबीने फोन हातात घेतला. तिला त्यातलं काही कळत नव्हतं. बोट कुठेतरी लागलं आणि आवाज मोठ्याने बाहेर आला, हसणारा, रडणारा, धापा टाकणारा.

"पप्पा! पप्पा, मी क्रिस्टीना! मी तुम्हाला सर का म्हणत होते? पट्टीवर नाव आलंय, पप्पा, माझं नाव आलंय! हॅलो? पप्पा?"

म्हातारा थांबून ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर कौतुक आलं, परक्याच्या लेकराचं यावं तसं.

"बिचारी बापाला शोधतेय," तो रोशनबीला म्हणाला. "भेटू दे तिला लवकर."

आणि तो रस्त्याकडे चालू लागला.

"पप्पा? ऐकू येतंय का? पप्पा, ओ द्या ना!"

रोशनबीने फोन तसाच धरून महालाकडे पाहिलं. आत आता कोणी नव्हतं. शेळ्या चरायच्या थांबल्या होत्या.

घुमटातून, अगदी सहज, आवाज आला.

"ओ, बाळा."